मालनच्या नावाचा थेंब

औषधशास्त्र म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी चहाचं उदाहरण देते. बारा वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवलं, दर वर्षी पहिल्या तासाला हेच. एकाच पातेल्यातला चहा दोघांनी घेतला. एक जण पहाटेपर्यंत कूस बदलत राहिला, दुसरा कप खाली ठेवायच्या आत घोरायला लागला. चहा तोच, कप तेच. मग फरक कुठे? पोरं म्हणायची, मनात. मी म्हणायची, मन ठेवा बाजूला, लिव्हरकडे बघा.

लिव्हरमध्ये विकरं असतात, आलेल्या औषधाचे तुकडे करून त्याला बाहेरचा रस्ता दाखवणारी. कुणाची चपळ, कुणाची आळशी, कुणाकडे एखादं विकर जन्मापासून नसतंच. त्यामुळे एकच गोळी एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला जड जाते. शरीर औषधाचं काय करतं, हा शास्त्राचा एक भाग. औषध शरीराचं काय करतं, हा दुसरा. किती दिलं की गुण येतो हा तिसरा, आणि किती दिलं की माणूस मरतो हा चौथा. शेवटच्या दोन्हींमध्ये जी फट असते, ती काही औषधांत बैलगाडी जाईल एवढी रुंद असते आणि काहींत बोटही शिरत नाही. आमचं सगळं शास्त्र त्या फटीत बसलेलं आहे.

हे मी जरा ऐटीतच सांगते. ऐट माझ्या अंगातच आहे. खरसुळात मला मागून 'गोळ्यांची पाटलीण' म्हणतात, आणि ते ऐकून मला आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्या सासूबाई माझ्याकडे बघत म्हणायच्या. बैल रिकामा राहिला असता तर चाललं असतं. माझं शहाणपण मालनला भोवलं.

मालन माझी धाकटी जाऊ. माझे यजमान जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून घरात तिघंच: मी, मालन आणि तिचे यजमान भानुदास भावजी, जे बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांना मूल झालं नाही. आता परगावी असलेला माझा एकुलता एक मुलगा तिच्या कडेवर वाढला, कारण मी सकाळी सातच्या एसटीने कॉलेजला जायची. तो आजारी पडला की औषधाचा कागद मी लिहायची आणि उशाशी मालन बसायची. त्याबद्दल मी तिला कधी 'थँक्यू' म्हटलं नाही. जावांमध्ये तसं कुणी म्हणत नाही.

मात्रायंत्र आलं त्याला अकरा वर्षं झाली. आज त्याचं कौतुक कुणाला नाही, पण तेव्हा जत्रा भरल्यासारखी माणसं ते बघायला यायची. कपाटाएवढं मशीन. आयुष्यात एकदा बोटातून रक्ताचा एक थेंब द्यायचा. त्या थेंबातली जनुकं वाचून मशीन तुमच्या सगळ्या विकरांचा नकाशा काढणार आणि तुमच्या नावाच्या कार्डावर ठेवणार. पुढे डॉक्टरांनी कुठलंही औषध लिहिलं की मशीन त्या नकाशाप्रमाणे गोळी बनवणार, पातळ पातळ सत्तर थरांची, तुमच्या एकट्याच्या शरीरासाठी. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याचं 'पत्रिका' करून टाकलं आणि दोन वर्षांत लग्न जमवताना तीही जुळवायला लागले.

यंत्राने माणसं वाचली, हे मीच सांगायला पाहिजे. आमच्या तालुक्यात औषधाच्या रिॲक्शनने मरणं जवळजवळ थांबलं. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट गेली. पूर्वी डोकं दुखलं की शेजारीण म्हणायची, 'घे की माझ्यातली अर्धी.' आता कुणाची गोळी कुणाला चालत नाही. सगळ्यांसाठी एकाच मापाच्या गोळ्या बनवणारे कारखानेही बंद पडले, कारण घेणार कोण? औषध हवं तर मशीन, आणि मशीन हवं तर कार्ड. दुसरी वाटच उरली नाही.

खरसुळच्या मात्राकेंद्राची प्रमुख म्हणून मला नेमलं. नकाशे काढायचं शिबिर मार्चअखेर संपणार होतं. शंभर टक्के झालेल्या गावाला पितळी पाटी मिळणार होती आणि ती लावायला मोठे साहेब स्वतः येणार होते. शेवटच्या दिवशी चार हजार एकशे अकरा माणसं झाली होती. एक राहिलं होतं, आणि ते माझ्याच घरातलं होतं.

मी मालनला केंद्रावर बोलावून घेतलं. ती आली, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"बोट दे, मालन."

"आज संकष्टी हाय, अक्का. उपाशीपोटी रगात काढू नये म्हंतात."

"कोण म्हणतं?"

"आमची आई म्हणायची."

"तुझ्या आईचं राहू दे. मुंगी चावल्याएवढं असतं."

मी तिचा हात धरला तर तो गार पडलेला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. लहानपणी शाळेत लस टोचताना ती कोसळली होती आणि मास्तरांच्या टेबलाचा कोपरा लागून कपाळ फुटलं होतं. भुवईवर ती खूण अजून होती. मी तिला पाणी दिलं. तेही तिने घेतलं नाही, चंद्र दिसायचा होता.

मग हळूच म्हणाली, "तुमचंच घाला की माझ्या नावावर. आपुन काय दोन घरच्या हाय का?"

हसू नका. खरसुळात हीच रीत आहे. रेशनवर एकीचा अंगठा दुसरीला चालतो. ग्रामसभेला सासू गेली की सुनेची सही तीच करून येते. बचत गटात तर एक बाई पाच जणींची हजेरी लावते. घर एक म्हणजे माणूस एक, हा आमच्याकडचा हिशेब. पण मी रेशनवाली नव्हते. जावांची सासू एक असते, रक्त एक नसतं, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत आले होते.

बाहेर मांडव घातला होता. साहेबांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला. गोळ्यांच्या पाटलिणीच्या घरातलंच माणूस राहिलं म्हणून पाटी हुकली, असं गाव बोललं असतं. मी म्हटलं, आता वेळ मारून नेऊ, पुढच्या आठवड्यात हिचा थेंब घेऊन दुरुस्त करू. मी माझ्याच डाव्या हाताची करंगळी टोचली आणि तो थेंब मालनच्या नावावर लावला. मशीनने घेतला. मालनच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

पाटी लागली, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात नियम आला. लोक दुसऱ्याच्या नावावर गोळ्या काढून विकायला लागले होते, म्हणून यापुढे तपासणीसाठी दिलेला प्रत्येक थेंब नकाशाशी ताडून बघणार, आणि जुळला नाही तर चौकशी होईपर्यंत ते कार्ड बंद. दुरुस्तीसाठी अर्ज करायचा म्हणजे मी काय केलं ते लिहून द्यायचं. मी विचार केला, मालनला कधी सर्दी होत नाही. ही बाई डोकेदुखीला सुंठ उगाळून लावते. राहू दे. असं राहू दे, राहू दे म्हणत अकरा वर्षं गेली.

या जानेवारीत भानुदास भावजी मोटारीचं काम टाकून दुपारीच घरी आले आणि मला म्हणाले, "वहिनी, तिला परसाकडंला रगात पडतंय. सा म्हैनं झालं. मला काल कळलं."

सहा महिने. एका घरात, एका परातीत भाकऱ्या थापत होतो आम्ही. मी रोज तिला विचारायची, काय गं, चेहरा का उतरलाय? आणि ती रोज सांगायची, काय न्हाई, बरं हाय.

जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टर तांबोळी होत्या. शांत बाई, विनाकारण धीर देत नाहीत म्हणून मला आवडायच्या. दुर्बिणीनेच आतड्यात गाठ दिसली, रक्त द्यायची वेळच आली नाही. लगेच कापता येणार नव्हती एवढी पसरली होती. "आधी गोळ्यांनी आखडवू, मग ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "पण आत्ता सुरू करायला हवं. दोन महिने गेले तर मग माझ्या हातात काही नाही." त्यांनी मालनचं कार्ड मशीनवर ठेवलं. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर शब्द आला, 'अनुकूल'. मालन माझ्याकडे बघून हसली.

अनुकूल होतं ते माझ्या लिव्हरला.

हे औषध गाठीच्या पेशींना विष म्हणून दिलं जातं. चांगल्या पेशींनाही ते विषच. त्याला मोडणारं लिव्हरमध्ये एकच विकर असतं, आणि माझं ते विकर फार चपळ आहे. माझा नकाशा मला पाठ आहे. म्हणजे मशीन माझ्या हिशेबाने भरभक्कम गोळी बनवणार. मालनचं विकर तसं असेल तर उत्तम. मध्यम असेल तर तीच गोळी दुप्पट पडणार. हजारात एखाद्याकडे ते विकर अजिबात नसतं, त्याला ही गोळी म्हणजे सरळ मरण.

मी त्या वेळी डॉक्टरांसमोर तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. का, ते नीट सांगते. मी बोलले असते तर त्यांना कायद्याने तिथल्या तिथे कार्ड बंद करावं लागलं असतं. दुरुस्तीला चाळीस दिवस लागतात, कधी साठ. तोवर मालनला कुठलंच औषध नाही, आणि गाठीला चाळीस दिवस म्हणजे पुष्कळ झाले. हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे माझी नोकरी आणि ती पितळी पाटी. कुठलं कारण किती जड होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी मालनला आणि भावजींना सगळं सांगितलं. भावजी खाली मान घालून ऐकत राहिले. मालनच बोलली.

"मग तुमची नोकरी जाईल न्हवं?"

"नोकरी गेली खड्ड्यात. तुझं बोल."

"माझं काय बोलू? तुमी म्हणाल तसं. तुमचं शिक्षान हाय."

मी म्हणेन तसं. मग मी ठरवलं. सहा आठवड्यांच्या गोळ्या आधी मशीनमधून काढून घ्यायच्या. त्या हातात आल्या की लगेच दुरुस्तीचा अर्ज करायचा, कार्ड बंद झालं तर होऊ दे. आणि मधल्या काळात मी स्वतः हाताने मात्रा ठरवणार. जुन्या पद्धतीने. यंत्र यायच्या आधी दोनशे वर्षं जगभर असंच चालायचं: थोडं द्या, थांबा, विचारा, बघा, मग वाढवा. हे मला येत होतं. खरं सांगायचं तर मला त्यात जरा स्फुरणही चढलं. मशीनला जे जमत नाही ते ही बाई खलबत्त्याने करून दाखवणार, असं काहीतरी.

अर्जासाठी मालनचा खरा थेंब लागणार होता. सोमवारी केंद्रात मी तिला त्याच खुर्चीवर बसवलं. भावजी मागे खांद्याला धरून उभे राहिले. तिने डोळे गच्च मिटले. मी टोचलं. तिने एक डोळा उघडून बोटाकडे बघितलं.

"झालं?"

"झालं."

"एवढंच व्हय, अक्का?" ती म्हणाली. "ह्याला भ्याले मी?"

ती बराच वेळ त्या बोटाकडे बघत होती. अर्ज गेला. तासाभरात दोघींची कार्डं बंद झाली, कारण दोन नावांवर एकच नकाशा म्हणजे दोघीही संशयित.

थरांची गोळी कापून देता येत नाही. थर तुटले की दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगावर येतं. म्हणून मी रोज सकाळी हातमोजे घालून गोळी खलात कुटायची, शंभर मिली उकळून गार केलेल्या पाण्यात हलवायची आणि त्यातलं पंचवीस मिली पिचकारीने मोजून, दर दोन तासांनी थोडं थोडं द्यायची; केंद्रावर जाताना पुढच्या पिचकाऱ्या भरून तिच्यापाशी ठेवायची. उरलेलं टाकून द्यायची. म्हणजे पाव मात्रा. पहिले चार दिवस पाव.

रक्त तपासता येत नव्हतं. सगळ्या प्रयोगशाळा नकाशाशी जोडलेल्या. मालनचा थेंब कुठेही दिला असता तर बंद कार्डाचा रुग्ण औषध घेतोय हे कळलं असतं आणि गोळ्या जप्त झाल्या असत्या. माझ्याकडे उरलं काय? माझे डोळे, माझा हात आणि मालनचं तोंड. या औषधाची मात्रा जास्त झाली की पहिल्यांदा तोंड येतं, मग जुलाब, मग ताप. ते तिने सांगायचं आणि मी ऐकायचं. जुन्या शास्त्राची सगळी मदार रुग्णाच्या उत्तरावर आहे, हे मी पोरांना किती वेळा फळ्यावर लिहून दिलं होतं.

"मालन, हे बघ," मी पहिल्याच दिवशी तिला बजावलं. "काही झालं तरी सांगायचं. तोंडात झोंबलं, पोटात कळ आली, दोन वेळच्या ऐवजी तीन वेळा जावं लागलं, काहीही. लपवायचं नाही."

"न्हाई लपवत."

पाचव्या दिवशी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"तोंड आलंय का?"

"न्हाई."

"आ कर बघू."

"मिश्री लावलीया अक्का. तोंड घाण हाय. ऱ्हाऊ द्या."

मालनला मिश्रीची सवय. भाजलेली तंबाखू दातांना चोळून सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास बसायचं. मी तीस वर्षं त्यावरून तिला टाकून बोलत आलेय. जित्याची खोड, दुसरं काय. थोरल्या जावेपुढे मिश्रीचं काळं तोंड उघडायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम होता, आणि मीच बोलून बोलून तो तिला लावला होता. मी आग्रह सोडला. पाचव्या दिवशी मी मात्रा पाव गोळीवरून वाढवून एक तृतीयांश केली.

नवव्या दिवशी: "बरं हाय." ती ओट्याशी उभी राहून आमटीला फोडणी देत होती. हात थरथरत नव्हता, अंग गार होतं. मला वाटलं, हिचं विकर माझ्यासारखंच चपळ आहे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मात्रा अर्धी केली.

तेराव्या दिवशी ती जेवायला आमच्यासोबत बसली नाही. म्हणाली, आज गुरुवार. गुरुवार तर होताच. उपास करू नकोस म्हणून मी ओरडले, तेव्हा माझ्यासमोर तिने दूधभात घेतला, चावल्याशिवाय गिळला, आणि ताट घासायला मागच्या दारी गेली. मी केंद्रावर निघाले. निघताना विचारलं, पोट कसं आहे? तिने हातानेच सांगितलं, ठीक.

सोळाव्या दिवशी मी मात्रा पाऊण केली. वही अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्या अक्षरात तारीख, वेळ, मिली, आणि शेवटच्या रकान्यात रोज तेच दोन शब्द. वाचणाऱ्याला वाटेल, किती व्यवस्थित चाललं होतं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी भानुदास भावजी माझ्या खोलीच्या दारात आले. ते कधी माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येत नाहीत.

"वहिनी, तिनं मला शपथ घातली होती," ते म्हणाले. "ऱ्हावंना म्हणून सांगतो. आठ दिस झालं तिला जुलाब चालू हायत. धा-बारा येळा. तुमी केंद्रावर गेला की परसात पडून असती. लुगडी मी धुतो."

"आणि तोंड?"

"तोंडात निस्तं रगात हाय. मिश्री लावतच न्हाई ती. काळं दिसावं म्हणून नुसता कोळसा फासून बसती."

मी मागच्या दारी धावले. मालन भिंतीला टेकून बसली होती. मी तिची हनुवटी धरून तोंड उघडलं. आत जीभ, गाल, टाळू सगळं सोललेलं. अंग तापाने भाजत होतं.

"का गं सांगितलं नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तिच्यावर ओरडायचा मला काय अधिकार होता, पण ओरडले.

तिने बोलायला वेळ घेतला. जिभेमुळे शब्द जड येत होते. "तुमी रोज इच्यारायच्या, अन् बरं म्हटलं की तुमचा चेहरा हलका व्हायचा. अर्ज केल्यापास्नं तुमी झोपला न्हाईसा. मला वाटलं, औशीद हाय म्हटल्यावर तरास व्हायचाच. काढीन कळ."

काढीन कळ. तीस वर्षं तिने या घरात हेच केलं. सासूबाईंच्या बोलण्याची कळ काढली, मूल न होण्याची काढली, माझ्या जिभेची काढली. आणि मी, जिला तिच्या प्रत्येक 'बरं हाय'चा अर्थ ठाऊक असायला हवा होता, मी ते उत्तर वहीत उतरवून त्यावर मात्रा वाढवत गेले. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. मी ती घेतली, तीही दुसऱ्याच्या जिभेवर.

रुग्णालयात डॉक्टर तांबोळींना मी सगळं सांगितलं, संकष्टीपासून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"कार्ड बंद केलं असतं." त्यांनी मालनचा कागद पुढ्यात ओढला. "आणि मग तुमच्यासोबत इथे बसून चाळीस दिवस मोजले असते."

या विषाला उतारा आहे. पण तो सुरुवातीच्या चार दिवसांत द्यावा लागतो, आणि तो बनवायलाही मशीनला कार्ड लागतं. तांबोळींनी कार्डाशिवाय जे देता येतं ते सगळं दिलं. सलाइन, थंड पट्ट्या, वेगळी खोली. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. आम्हाला तोंडाला फडकं बांधून, हात धुऊन, एकेकालाच आत जाता यायचं. भावजी आत गेले की तिच्या पायांशी उभे राहायचे आणि तसेच बाहेर यायचे. माझ्याशी ते बोलायचे बंद झाले होते. रागावले नव्हते, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. डबा आणला की माझा भाग बाजूला ठेवायचे.

अर्ज केल्यापासून एकतिसाव्या दिवशी दुरुस्ती आली. चाळीस नाही, एकतीसच. मला निलंबित केलं होतं, पण नवीन नकाशा कुटुंबाला दाखवायची पद्धत आहे म्हणून तांबोळींनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

वर मालनचं पूर्ण नाव होतं. मालन भानुदास गलांडे. खाली तिचा नकाशा, तिचा स्वतःचा, पहिल्यांदाच. मी बोटाने ओळी उतरत गेले. ते विकर जिथे असायला हवं तिथे काही नव्हतं. हजारातली ती एक होती. समोर लाल अक्षरात लिहिलं होतं: 'हे औषध या व्यक्तीस कोणत्याही मात्रेत देऊ नये.' पाव नाही, पावाचा पाव नाही. माझा खल, माझी पिचकारी, माझं वाढवत नेणं, सगळं पहिल्या थेंबापासूनच चूक होतं.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती मी दोनदा वाचली. 'पर्यायी औषध उपलब्ध. पूर्ण मात्रा. अनुकूल.'

म्हणजे दुसरं औषध होतं. जानेवारीतही होतं. त्या संकष्टीला मी तिचा गार हात धरून, ती कोसळली असती तर कोसळू देऊन, एक टोचणी दिली असती, तर या वर्षी मशीनने तेच दुसरं औषध पहिल्या दिवशी बनवलं असतं. हिरवा दिवा तेव्हाही लागला असता, आणि तो खरा असता.

"आता देता येईल का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

तांबोळींनी पडदा परत फिरवला. "आता तिचं शरीर कुठलंच औषध सोसणार नाही, मॅडम. आजची रात्र, फार तर उद्याची."

मी हात धुतले, फडकं बांधलं आणि आत गेले. मालन जागी होती. डोळे खोल गेले होते, भुवईवरची जुनी खूण तेवढी ठळक दिसत होती. मी स्टूल ओढून बसले. तिने बोटाने माझ्या मनगटाला स्पर्श केला. तेच बोट, अर्जाच्या सोमवारी टोचलेलं.

"आली व्हय दुरुस्ती?" तिने विचारलं. शब्द कळायला मला खाली वाकावं लागलं.

"आली."

"काय लिवलंय?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. बारा वर्षं मी पोरांना सांगत होते, रुग्णाशी खोटं बोलायचं नाही, मात्रेशी तर कधीच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. रोज सकाळी पिचकारी हातात घेऊन मी तिच्याकडे बघायची, तसंच.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी दिलेली मात्रा बरुबर व्हती न्हवं? न्हाईतर तुमच्या जिवाला लागून ऱ्हाईल."

"बरोबर होती, मालन," मी म्हटलं. "अगदी बरोबर होती. गाठच वाईट होती."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"मग बरं हाय," ती म्हणाली.